सुराबायाचा उखाणा

साहेब, तुम्ही खोटं कारण लिहिलंत. ललिताच्या नावापुढे तुमच्या हाताने लिहिलंय, 'स्वतःची प्राथमिक माहिती देता येत नाही.' तिला देता येत होती. ती देतच होती. मध्ये घंटी तुम्ही वाजवलीत. हे आधी सांगून ठेवलेलं बरं, कारण लोक गोष्ट शेवटपर्यंत ऐकत नाहीत आणि तुमच्यासारखे तेवढ्यात सुटतात.

झालं ते असं.

ललिता निफाडकडची. द्राक्षांच्या एका पॅकहाऊसमध्ये पॅकिंगच्या बायांवर मुकादम. थंडीत हंगाम सुरू होतो, उन्हं तापली की संपतो. तोवर या बाया गारठलेल्या हॉलमध्ये उभ्याने घड हातात घेतात, कात्रीने सडका मणी उडवतात आणि घड डब्यात निजवतात. गेल्या काही हंगामांत इंडोनेशियाचे खरेदीदार यायला लागले. त्यांचा माणूस टेबलापाशी येऊन काहीतरी बोलायचा. बाया हसायच्या. तोही हसायचा. सगळ्यांचं हसून झालं की कळायचं, अख्खी गाडी नापास झालीय. मग मालक बायांवर ओरडायचा. बायांना काय चुकलं ते कळायचं नाही, कारण मालकालाही कळलेलं नसायचं.

शेवटी मालक वैतागून सगळ्यांसमोर बोलला, "त्यांची भाषा शिकून जो सर्टिफिकेट आणील, त्याची ती केबिन."

केबिन दाराशीच होती, काचेची. परदेशी माणसाशी बोलायचं, त्याचं म्हणणं टेबलापर्यंत आणायचं, टेबलाचं म्हणणं त्याच्यापर्यंत न्यायचं, असं ते काम. केबिनमध्ये खुर्ची होती. ललिताच्या गुडघ्यांना एवढं कारण पुरेसं होतं. पण दुसरंही एक होतं. बायांना शिव्या बसतात तेव्हा नेमकं कशाबद्दल बसतात, ते तिला एकदा ऐकायचं होतं.

तर ती उन्हाळी वर्गाला गेली. साहेबांच्या सरकारी कार्यालयाने तो काढला होता. नाव, 'निर्यातीसाठी सघन इंडोनेशियन भाषावर्ग, निवासी'. सघन म्हणजे सकाळी उठल्यापासून संध्याकाळपर्यंत तोंडातून मराठी काढायचं नाही. ज्याने काढलं त्याने फळा पुसायचा. फळा उन्हाळाभर आरशासारखा होता.

वर्ग गंगापूर रोडला, एका मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर. भर लग्नसराईत मंगल कार्यालयात भाषावर्ग घेण्याची कल्पना ज्याला सुचली, त्याला बढती मिळाली असं पुढे कळलं. वर इंडोनेशियन चालायचं आणि खाली बँजो. शिकवायला इबू रेत्नो म्हणून एक बाई होत्या, थेट सुराबाया शहरातून आणलेल्या. इबू म्हणजे आई. तिकडे कुठल्याही मोठ्या बाईला नावाआधी इबू लावतात. पहिल्या दिवशी त्यांनी हजेरी घेतली आणि "इबू ललिता" म्हणाल्या. ललिताने मागे वळून पाहिलं. पॅकहाऊसमध्ये तिला "ए ललिता" म्हणत. मालक खुशीत असला तर "ललिताबाई". तिच्या नावाला आई लावणारी ही पहिलीच.

खोलीत तिच्याबरोबर अफिफा होती. नामपूरची, कांद्याचे व्यापारी इनायतशेठ यांची मुलगी, कॉलेज संपवून आलेली. कांदाही इंडोनेशियाला जातो. तिचे अब्बा दुभाष्यावर विश्वास ठेवून दोनदा फसले होते, म्हणून म्हणाले, आता घरचाच दुभाष्या तयार करू. आणि तिसरा ओळखीचा म्हणजे हर्षल. पॅकहाऊसच्या मालकाचा भाचा. चांगला पोरगा, उगाच वाईट म्हणायला नको. पण त्याने आयुष्यात घड हातात घेतला तो खाण्यासाठी.

"ललिताकाकू, तुम्हाला जमंल का हो हे?" पहिल्याच आठवड्यात त्याने विचारलं.

"तुला जमलं तर मला जमंल," ललिता म्हणाली.

"काकू, टोमणा मारला का?"

"नाय रे बाबा. मराठी बोलले. चल, फळा पुसू."

भाषा तिला जमली, आणि झपाट्याने जमली. बायका पोरांना मारून-मुटकून शिकवतात तसं ती स्वतःला शिकवायची. जेवताना ताटातल्या प्रत्येक पदार्थाला त्यांच्या भाषेत हाक मारायची, ज्याला तिकडे नाव नव्हतं त्याला मुकाट गिळायची. द्राक्षाला तिकडे अंगूरच म्हणतात हे कळलं तेव्हा अफिफाने टाळी दिली. "मावशी, अर्धी भाषा तर आमच्याच घरातून गेलीय!" नवऱ्याला सुआमी, म्हणजे आपला स्वामीच, म्हणतात हे कळलं तेव्हा ललिताने हात आखडता घेतला. "ही आमच्या घरातनं गेली असंल. पण सांगून नाय गेली."

अडलं ते त्याच सुआमीपाशी. ओळखीचा धडा होता. इबूंनी एकेकाला उभं केलं. नाव काय, गाव कोणतं, घरी कोण. ललिता झरझर उत्तरं देत गेली. मग इबूंनी विचारलं, "सियापा नामा सुआमी इबू?" तुमच्या नवऱ्याचं नाव काय?

ललिताने फळ्याकडे पाहिलं.

इबूंनी पुन्हा विचारलं, सावकाश. त्यांना वाटलं प्रश्न कळला नाही. ललिताने पदर सावरला आणि पर्स उघडून आधारकार्ड पुढे केलं. रेशन दुकानात, बँकेत, पोरांच्या शाळेत ती इतकी वर्षं हेच करत आली होती. नवऱ्याचं नाव विचारलं की कार्ड दाखवायचं, माणूस वाचतो, काम होतं. लग्न होऊन आली तेव्हा तिच्या सासूबाईंनी, ठमाबाईंनी, पहिल्या दिवशी बजावलं होतं की नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं. नवरा दिवसाकाठी तंबाखूच्या दोन पुड्या संपवायचा. त्याने कमी केलेलं आयुष्य हिने गप्प बसून भरून काढायचं, अशी ती व्यवस्था होती. ललिताचा आता त्यावर विश्वासबिश्वास काही नव्हता. पण विश्वास गेला तरी जिभेचं वळण जात नाही.

"मावशी, घ्या ना सरळ नाव," अफिफा कार्डावर नजर टाकत हळूच म्हणाली. "पुंजाकाका ऐकायला थोडेच बसलेत इथे."

"तुझी आई घेती का गं तुझ्या अब्बाचं?"

अफिफा विचारात पडली. "अम्मी 'अफिफा के अब्बा' म्हणते. मी झाले नव्हते तेव्हा काय म्हणायची देव जाणे."

"'अजी सुनो' म्हणत असंल," हर्षल म्हणाला. तिघांनीही फळा पुसला.

तेवढ्यात खालच्या मांडवातून माईक खरखरला. नव्या नवरीला नाव घ्यायचा आग्रह चालला होता. करवल्या ओरडत होत्या, नवरी लाजत होती, मग एका दमात तिने चांदीच्या ताटात, रेशमाच्या काठात असं काहीबाही जुळवून नवऱ्याचं नाव घेतलं आणि खाली शिट्ट्या पडल्या. इबूंनी खिडकीतून खाली पाहत विचारलं, ही मुलगी रोज काय म्हणते?

रोज वेगळी मुलगी असते, हे ललिताने आधी सांगितलं. मग मोडक्यातोडक्या इंडोनेशियनमध्ये उखाणा म्हणजे काय ते सांगितलं. नाव असं नुसतं घेत नाहीत. आधी ओळ येते, ताटाची, फुलाची, कशाचीही. तिच्या पाठीवर बसून नाव येतं. तसं घेतलं तर चालतं. तसं घेतलं तर लोक टाळ्या वाजवतात.

इबू रेत्नो खुर्चीवर बसल्या. म्हणाल्या, हे तर पांतुन. आमच्याकडे हेच आहे. चार ओळी. पहिल्या दोन इकडच्या-तिकडच्या, शेवटच्या दोनांत मनातलं. लग्नात म्हणतात, बाजारात म्हणतात, मंत्रीसुद्धा भाषण संपवताना म्हणतात. इबू ललिता, तुम्ही नवऱ्याचं नाव पांतुनमध्ये घ्या.

त्या दुपारी सबंध वर्ग एका बाईच्या नवऱ्याच्या मागे लागला. हर्षलने यमकं शोधली, अफिफाने ती नापसंत केली. शेवटी जे उभं राहिलं ते ललिताचं स्वतःचं होतं.

"पेतिक अंगूर देंगान तेलिती,
दिकिरिम कापाल के सुराबाया;
सियापा सुआमी दि दालाम हाती?
पुंजा इतुलाह नामान्या."

जपून जपून तोडलं द्राक्ष, जहाजाने गेलं सुराबायाला. मनामध्ये कोण नवरा? पुंजा म्हणतात त्याला. 'हाती' म्हणजे खरं तर काळीज, असं इबूंनी सांगितलं. "म्हणजे जिगर," अफिफा म्हणाली, "शब्द नाही, पण अर्थ आमच्याच घरातून गेला."

ललिताने पुंजाला फोन करून ऐकवलं. पलीकडे तो तंबाखू थुंकल्याचा आवाज आला.

"नाव घेतलं का तू माझं?"

"घेतलं."

"परत घे बरं."

"एकदा घेतलं ते घेतलं. तंबाखू कमी करा."

परीक्षेला साहेब आले. साहेबांना इंडोनेशियन येत नव्हतं असं कुणी म्हणू नये. चांगलं येत होतं. ते तिकडे राहून आले होते, उच्चार इबूंसारखे. म्हणून तर राग येतो. न येणाऱ्या माणसाने चूक केली तर त्याला माफ करता येतं.

इबूंना बाहेर बसवलं, कारण स्वतःच्या विद्यार्थ्यांना त्या झुकतं माप देतील. फोन, पर्स, कागदपत्रं सगळं बाहेर ठेवायला लावलं. आत टेबल, टेबलावर हॉटेलात असते तसली घंटी, आणि साहेब. तोंडी परीक्षेचा पहिला भाग ओळखीचा. त्यात अडकला त्याला पुढचा भाग नाही. नियम आणखी एक होता. कुणी पाठ केलेला उतारा म्हणायला लागला की घंटी वाजवून थांबवायचं. नियम वाईट नाही. पोरं घोकून येतात हे खरं आहे.

हर्षल आत गेला आणि हसत बाहेर आला. अफिफा आत गेली आणि डोळे मिचकावत बाहेर आली. मग ललिता.

नाव, गाव झालं. मग साहेबांनी कागदावरून वाचलं, "सियापा नामा सुआमी इबू?"

ललिताचा हात सवयीने पर्सकडे गेला. पर्स बाहेर होती. ती उठून उभी राहिली, कारण बसून कुणी नाव घेत नाही. पदर खांद्यावर ओढला.

"पेतिक अंगूर देंगान तेलिती, दिकिरिम कापाल के..."

टिंग.

"बाई, द्राक्षांचं विचारलं नाही," साहेब मराठीत म्हणाले. "पाठ केलेलं म्हणू नका. नवऱ्याचं नाव सांगा."

"तेच सांगते, साहेब." ती पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. उखाणा मधूनच उचलता येत नाही. नवरीला मध्येच शिंक आली तरी ती पुन्हा ताटापासून सुरुवात करते. "पेतिक अंगूर देंगान..."

टिंग.

"शेवटची संधी."

"पेतिक अंगूर..."

टिंग.

साहेबांनी लिहिलं. काय लिहिलं ते वर आलंच आहे.

बाहेर आल्यावर अफिफाने विचारलं, "काय झालं, मावशी? चेहरा असा का?"

"नाव विचारलं ह्यांचं. आन् दुसऱ्या ओळीच्या पुढं जाऊ देईना."

"मला अब्बांचं विचारलं. मी सांगितलं, इनायत. झालं."

"आन् तुला रे, हर्षल?"

हर्षल बुटाकडे पाहत म्हणाला, "आपा पेकर्जाआन बापाक. काम काय करता."

"आन् तू काय सांगितलं?"

"सांगितलं, पॅकहाऊसमध्ये आहे. द्राक्ष पॅकिंग." त्याने कान खाजवला. "पुढं ते म्हणाले, सविस्तर सांगा. तर तुम्ही मला रिकाम्या डब्यावर शिकवलं होतं ना काकू, देठाला धरायचं, मण्याला बोट लावायचं नाही, ते सगळं सांगून टाकलं."

मग ललिताने वर्गातल्या एकेकाला गाठून विचारलं. पुरुष जेवढे होते त्यांना काम विचारलं होतं. पोरींना बाप. लग्न झालेल्यांना नवरा. रोहिणी म्हणून सिन्नरकडची एक होती, तिने नवऱ्याचं नाव फटकन सांगितलं आणि ती पास झाली. तिचा काही दोष नाही. तिची जीभ वेगळ्या सासूच्या हाताखाली वळली.

इबू रेत्नो साहेबांना भेटायला गेल्या. दार उघडंच होतं, सगळ्यांना ऐकू येत होतं. इबू म्हणाल्या, तिने उत्तर पांतुनमध्ये दिलं, माझ्या देशात याहून चांगलं उत्तर नाही. साहेब शांतपणे म्हणाले, मॅडम, पांतुन मला माहीत आहे. पण ती संस्कृती झाली. संस्कृतीचा तास मंगळवारी होता, ही परीक्षा आहे. आणि आजच्या काळात जी बाई नवऱ्याचं नाव घ्यायला लाजते, ती परदेशी खरेदीदारासमोर काय बोलणार?

हा प्रश्न मात्र चोख होता. ललिताने तो दाराबाहेर उभं राहून ऐकला आणि स्वतःलाही विचारून पाहिला. खरेदीदार आपल्याला काय विचारेल? साखर किती उतरली, विचारेल. मणी का फुटले, विचारेल. माल कधी निघाला, विचारेल. तुझा नवरा कोण, हे तो विचारील असं तिला कितीही विचार करून वाटेना.

संध्याकाळी पुंजाचा फोन आला. त्याला अफिफाने कळवलं होतं. "अगं, सरळ म्हणायचं ना पुंजा! मी काय लगेच मरतो का?"

"तुम्ही नाय मरत. माझी जीभ अडती."

"मग आता केबिन?"

"हर्षलची."

"त्याला येतं का काय?"

"मी शिकवलंय तेवढं येतं."

पुंजा तिकडून एक शिवी बोलला, ती इथे लिहायची गरज नाही. शिवी बरोबर होती.

प्रमाणपत्रं वाटायचा कार्यक्रम खालच्याच मांडवात. आदल्या दिवशी लग्न होऊन गेलेलं, फुलांची कमान तशीच होती आणि स्टेजवर नवरा-नवरीच्या लाल मखमली खुर्च्या. दुसऱ्या खुर्च्या नव्हत्या. साहेब नवरदेवाच्या खुर्चीत बसले. नवरीच्या खुर्चीत प्रमाणपत्रांचा गठ्ठा ठेवला. समोर पहिल्या रांगेत पॅकहाऊसचा मालक, भाच्याचा फोटो काढायला मोबाइल सरसावून.

साहेबांनी भाषण केलं. महिलांच्या सहभागाबद्दल त्यांना विशेष आनंद वाटत होता. शेवटी खिशातून कागद काढून ते म्हणाले, इंडोनेशियाच्या थोर परंपरेप्रमाणे मी समारोप एका पांतुनने करतो. चारही ओळी वाचल्या, सावकाश, उच्चार स्वच्छ. कुणी घंटी वाजवली नाही. टाळ्या झाल्या.

अफिफाने टाळी वाजवली नाही. "मावशी," ती दात-ओठ खात म्हणाली, "यांना पण फळा पुसायला लावा."

पास झालेल्यांची नावं पुकारली. हर्षल गेला, मालकाने फोटो काढला. मग नापासांना 'सहभाग' असं छापलेला कागद. ललिताचं नाव आलं. ती स्टेजवर चढली. साहेबांनी बसल्या जागेवरून कागद पुढे केला, कॅमेऱ्याकडे पाहत.

तिने तो घेतला नाही. माईक उभाच होता, ती त्याच्यापाशी गेली. हॉलभर बायांवर ओरडणारी मुकादम, पण माईकसमोर ती कधी उभी राहिली नव्हती. आधी ती इंडोनेशियनमध्ये बोलली, इबू रेत्नोंकडे पाहत. मी ललिता. मी द्राक्षाच्या कामावर आहे. माझ्या टेबलाला ज्या बाया उभ्या असतात त्यांच्या हातून जो घड जातो, त्याचा जिम्मा माझा. मग ती साहेबांकडे वळली आणि मराठीत आली.

"साहेब, एक विचारायचं हाय."

"बाई, आधी हे घ्या, मागे माणसं थांबलीत."

"थांबू द्या. मीबी लय थांबले." तिने हर्षलकडे हात केला. "ह्या पोराला तुम्ही काम विचारलं. त्यानं सांगितलं ते माझं काम. मी शिकवलेलं. त्यानं चोरलं नाय, तुम्ही विचारलं म्हनून त्यानं सांगितलं. मला तुम्ही नवरा विचारला. मी त्याचंबी नाव घेत होते, आमच्या रीतीनं आन् त्यांच्याबी रीतीनं, तुम्ही घेऊ दिलं नाय. ते जाऊ द्या. आता नाव मी घेनार नाय. ते माझ्या घरचं."

मालकाने मोबाइल खाली केला. हर्षलचं प्रमाणपत्र त्याच्या हातात गोल गुंडाळलं गेलं होतं.

"वर्ग निर्यातीचा," ललिता म्हणाली. "शिकायला मी आले, माझा नवरा नाय आला. तो घरी हाय. मग परीक्षेत तुम्हाला तो कशाला पायजे होता? पुरुष आला की काम विचारता, बाई आली की मानूस विचारता. माझं काम का नाय विचारलं?"

साहेब खुर्चीतून अर्धवट उठले. "हे बघा, हा मंच त्यासाठी नाही. तुम्ही कार्यालयात लेखी..."

"लेखी नाय. तोंडी परीक्षा घेतली, तोंडी सांगा. मराठीत सांगा, नायतर त्यांच्या भाषेत सांगा, मला दोन्ही कळतं. पन सांगा. माझं काम का नाय विचारलं?"